अर्धांगवायूनंतर वडिलांना 'फुंकर मारा' म्हटलं की जमत नाही, पण चहा मात्र फुंकून पितात. नाटक करतात का?

अजिबात नाही. हा संशय बऱ्याच घरांत येतो आणि माणूस बिचारा मुकाट्याने ऐकून घेतो.

हा ॲप्रॅक्सियाचा प्रकार वाटतो. ओठ-जिभेत ताकद असते, पण मुद्दाम हालचाल करायची म्हटली की मेंदूला तिची जुळवाजुळव जमत नाही. समोर वाफाळता कप आला की तीच हालचाल आपसूक होते. इजा बहुधा मेंदूच्या डाव्या भागात असते.

बोलण्याचंही असंच होऊ शकतं. 'पाणी' म्हणायला सांगितलं की जीभ चाचपडते, एकदा 'तानी', एकदा 'पाली' निघतं, आणि वैतागून 'जाऊ दे रे!' मात्र स्वच्छ म्हणतात. एक ते दहा आकडे, रामरक्षाही सलग येऊ शकते.

डिसार्थ्रिया वेगळा. त्यात स्नायूच कमजोर, म्हणून बोलणं सतत जड आणि अस्पष्ट. शब्दच सापडत नसेल किंवा दुसऱ्याचं बोलणं कळत नसेल, तर ॲफेजिया. तिन्ही एकत्रही असतात, तेव्हा घरी निदान करत बसू नका. स्पीच थेरपिस्टला दाखवा. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या दोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी करून घ्या, बोलण्याचं नंतर. आणि पुन्हा कधी अचानक तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर थेरपिस्टची वाट न बघता थेट 108.