केंद्रातून मुलगा घरी येतोय, सुधारणा टिकेल का?

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. मारामाऱ्या, चोऱ्या, घरातून पळून जाणं यांमुळे तो वर्षभर निवासी उपचार केंद्रात आहे. पुढच्या महिन्यात घरी येईल. अहवाल उत्तम आहे, पण मध्यंतरी दोन दिवस घरी आला तेव्हा मोबाइलवरून पुन्हा आरडाओरडा झाला. सगळं पाण्यात गेलं का?
– एक आई

उत्तर : ताई, पाण्यात काही गेलेलं नाही. पण त्या अहवालावर विसंबू नका, तो तिथल्या वागण्याचा आहे. ठरलेल्या वेळा, सतत हजर असलेली माणसं, प्रत्येक वागण्याचा लगेच परिणाम, याच्या आधारावर तो सावरला. बाहेर आल्यावर ही प्रगती बरेचदा ओसरते. आईवडील उपचारांत आधीपासून सामील असतील आणि नंतरही कुणी पाठीशी असेल, तर ती टिकण्याची शक्यता वाढते.

मोबाइलचं भांडण आठवून बघा. तुम्ही ‘ठेव’ म्हणालात, तो ओरडला, तुमचा आवाज चढला, त्याने दार आपटलं आणि शेवटी तुम्ही ‘कर काय करायचं ते’ म्हणून सोडून दिलंत. बहुतेक घरांत असंच होतं. ओरडलं की सुटका होते हे तो शिकतो, आणि सोडून दिलं की घर शांत होतं हे आपण. जेरल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने घरोघरी निरीक्षणं करून हे चक्र दाखवलं. यात तुमचा दोष शोधू नका, पण त्यातून बाहेर पडायला पालकांनाच प्रशिक्षण लागतं. तो घरी यायच्या आत तुम्हा दोघांची सत्रं केंद्राकडे मागा, अगदी हट्टाने मागा. घरी आल्यानंतरची सत्रंही आत्ताच ठरवून घ्या.

दुसरी काळजी सोबतीची. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात पॅट्रिशिया चेंबरलेन या संशोधिकेने गुन्ह्यांत अडकलेल्या मुलांना गटात न ठेवता एकेकट्याला प्रशिक्षित कुटुंबात ठेवून पाहिलं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, गटात राहिलेल्यांपेक्षा या मुलांना पुढे कमी वेळा अटक झाली. मोठ्यांचं बारीक लक्ष, ठाम पण शांत शिस्त आणि बिघडलेल्या मित्रांबरोबर कमी वेळ, ही त्यामागची मोठी कारणं. तेव्हा शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंत तो कुठे, कुणाबरोबर असेल, हे आधी पक्कं करा. माझ्या मते मोबाइलच्या नियमापेक्षाही हे महत्त्वाचं आहे.

शाळेतही एका शिक्षकांना विश्वासात घ्या. पहिल्या काही महिन्यांत पुन्हा चोरी किंवा मारामारी झाली, तर लपवू नका. त्याच आठवड्यात समुपदेशकांना कळवा.