आधी इयत्ता बघा, मग बोर्डिंगचं बोला

ताई, मिस्टरांची लीड्सला बदली, लेक वाशीत सीबीएसईच्या आठवीत, निघायचं पुढच्या ऑगस्टमध्ये. तिथल्या एका खासगी शाळेचं माहितीपत्रक तुमच्या हातात आहे आणि नणंदबाई म्हणतायत, बोर्डिंगलाच टाका, लवकर रुळेल. मी मूळची ठाण्याच्या नौपाड्यातली. आमची मुलं इंग्लंडमधल्या अशाच शाळेत शिकली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं वर्षभर तरी तिला घरूनच शाळेत जाऊ दे. तेराव्या-चौदाव्या वर्षी देश बदलतो तेव्हा दिवसभराचं सगळं संध्याकाळी आईपाशी मराठीत ओकून टाकता यायला हवं. पुढे तिलाच हौस वाटली तर फ्लेक्सी बोर्डिंग असतं, आठवड्यातून एखाद-दोन रात्री राहायचं. वीकलीमध्ये शनिवार-रविवार घरी येता येतं.

पण त्याआधी इयत्ता. तिथे 31 ऑगस्टला किती वर्षं पूर्ण झाली त्यावर वर्ग ठरतो. 13 पूर्ण असतील तर इयर 9, 14 असतील तर इयर 10. इयर 10 आणि 11 ही जीसीएसईची, म्हणजे आपल्या दहावीसारख्या तिथल्या परीक्षेची, दोन वर्षं. प्रत्येक विषयाचं परीक्षा मंडळ शाळा निवडते, त्यामुळे अर्ध्यातून आलेल्या मुलाचे धडेच जुळत नाहीत. इयर 10 मिळणार असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी ती वर्गात हवी, निघणं दिवाळीवर ढकलू नका. इयर 9 मिळालं तर वर्ष वाया गेलं असं घरात कुणालाही म्हणू देऊ नका. रुळायला आणि जीसीएसईचे विषय निवडायला ते वर्ष फार मोलाचं.

गणितात आपली मुलं मागे पडत नाहीत. अडतात ती इतिहासात आणि इंग्रजीत. इतिहासाच्या पेपरात एखादं जुनं पत्र किंवा व्यंगचित्र देतात आणि विचारतात, हा पुरावा कितपत उपयोगी, आणि का? तिथे पाठांतर कामाला येत नाही. आतापासून तिला रोज एखाद्या बातमीवर स्वतःचं मत कारणांसकट लिहायला लावा.

खेळ, संगीत, नाटक या सगळ्याबद्दल मी भरभरून बोलेन. ठाण्यात आपण शाळा, क्लास, तबला असं मुलांना स्कूटीवर घेऊन फिरतो. तिथे हे सगळं शाळेतच होतं. ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड, म्हणजे वर्गाबाहेरच्या कामांचा टप्प्याटप्प्याचा उपक्रम, त्यात तिला जरूर भाग घेऊ द्या. 1956 पासून चालू आहे. ब्राँझ या पहिल्या टप्प्याला समाजसेवा, खेळ, एखादं कौशल्य (तबलाही चालतो!) आणि दोन दिवस-एक रात्रीची मोहीम: आपली सॅक आपण वाहायची, तंबू ठोकायचा, स्वयंपाक करायचा. माझी लेक चिखलाने माखून परतली ती मैत्रिणी जोडूनच. तोवर ती जेवणाच्या सुट्टीत एकटी बसायची.

माहितीपत्रकात ‘वेलबीइंग’च्या, म्हणजे मुलांच्या मनःस्वास्थ्याच्या, पानावरचे हसरे फोटो सोडा आणि थेट विचारा: मुलीला रात्री रडू आलं तर ती कुणाचं दार वाजवते? हाउसमिस्ट्रेस (बोर्डिंगच्या मुलींना सांभाळणारी बाई) इमारतीतच राहते का? कौन्सेलर आठवड्यातून किती दिवस येते, वेळ मिळायला किती थांबावं लागतं? फोन रात्री जमा करतात का? शाळेबाहेरच्या एका तटस्थ माणसाशी बोलायची सोय बोर्डिंगच्या मुलांना असावीच लागते. त्याचं नाव-नंबर कुठे लावलाय ते पाहा. चांगल्या शाळेत या प्रश्नांना नावानिशी उत्तरं मिळतात. नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षण 2020 पासून माध्यमिकला सक्तीचं आहे, त्याने दचकू नका. मुलींना त्याचा आधारच होतो.

पैशांचं थोडक्यात: 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लागतो. जेवण, बस, वाद्याची वैयक्तिक शिकवणी बहुतेक ठिकाणी वेगळी. शाळा सोडायची तर साधारणपणे एक पूर्ण टर्म आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर त्या टर्मची फी भरावी लागते. बदलीच्या नोकरीत हे कलम सही करण्याआधी वाचाच. मिस्टरांच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून गेलेल्या मुलांना सरकारी शाळा मोफत असते, तेव्हा धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी ती आधी बघा.

शाळांचे तपासणी अहवाल ऑनलाइन फुकट वाचता येतात. आणि वाशीच्या शाळेतून मागच्या दोन वर्षांचे निकाल आणि शिक्षकांचं इंग्रजीतलं शिफारसपत्र आत्ताच मागून ठेवा, वार्षिक परीक्षेच्या धामधुमीत ऑफिसात कुणी दाद देत नाही.