निफ्टीच्या अंदाजासाठी फजी रिग्रेशन वापरावं का?

तुम्ही दापोलीहून विचारलंय की तीन वर्षांच्या महिनाअखेरच्या आकड्यांवर साधं रिग्रेशन (मागच्या आकड्यांतून रेषा काढून पुढचा आकडा सांगणं) करून पाहिलं, पण निफ्टीचा अंदाज दर महिन्याला चुकतो. फजी रिग्रेशन अनिश्चितता धरूनच चालतं असं कळलं. मग त्याने वरचं-खालचं टोक काढून, त्या पट्ट्याबाहेरचे ऑप्शन (निफ्टी ठरावीक पातळीपलीकडे गेला तर फरक देण्याचे करार) विकले तर चालेल का?

मी रत्नागिरीत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि फजी रिग्रेशनवर बरीच वर्षं हात चालवलाय. प्रश्नाच्या शेवटच्या भागाचं उत्तर आधी देते: नको. पद्धत चांगली आहे, मला ती मनापासून आवडते. पण तुम्ही तिच्याकडून जे मागताय, ते द्यायचं तिने कधी कबूलच केलेलं नाही.

आमची पावसजवळ हापूसची थोडी कलमं आहेत. फळ सुपारीएवढं झालं की माझे चुलते, आप्पा, बागेतून एक फेरी मारतात. प्रत्येक कलमाखाली उभं राहून वर बघायचं, कुठे तुडतुड्याने मोहोर काळा पडलाय ते बघायचं, खाली किती गळ झालीय ते पायाने पाचोळा बाजूला करून बघायचं. मग सांगतात, "शंभर पेट्या धर. ऐंशीच्या खाली जायच्या नाहीत, एकशेतीसच्या वर चढायच्या नाहीत." हे तीन आकडे म्हणजेच त्रिकोणी फजी संख्या. शंभराला सदस्यत्व (तो आकडा कितपत बसतो याचं ० ते १ मधलं माप) १, ऐंशीला आणि एकशेतीसला ०, मधल्या आकड्यांना उतरत्या भाजणीने. नव्वदला अर्धं, एकशेपंधरालाही अर्धं. आणि दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कारण आप्पांना वरच्या बाजूला जास्त वाव दिसतोय.

आता मुद्द्याची गोष्ट. नव्वदचं सदस्यत्व अर्धं, याचा अर्थ नव्वद पेट्या होण्याची संभाव्यता पन्नास टक्के असा होत नाही. "शंभराच्या आसपास" या बोलण्यात नव्वद कितपत बसतं, एवढंच ते सांगतं. लॉट्फी झादे यांनी १९६५ मध्ये फजी संचांची कल्पना मांडली तेव्हापासून हा फरक कायम आहे, आणि बाजारात पैसे घालवणारी चूक नेमकी इथेच होते. ऑप्शन विकणाऱ्याला संभाव्यता लागते. फजी पट्टा ती देत नाही.

मग तो देतो काय? जपानचे हिदेओ तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये फजी रिग्रेशन मांडलं, त्यामागचा विचार असा: साध्या रिग्रेशनमध्ये रेषा आणि प्रत्यक्ष आकडा यांतल्या तफावतीला आपण चूक म्हणतो आणि ती योगायोगाने येते असं धरतो. तनाका म्हणाले, ती चूक नव्हे, नातंच मुळात धूसर आहे. म्हणून सहगुणक (रेषा ठरवणारे आकडे, जसे उतार आणि स्थिरपद) एकेक नेमका आकडा न घेता मध्य आणि पसारा अशा जोडीने घ्यायचे. अट एकच, हाताशी असलेला प्रत्येक आकडा पट्ट्यात मावला पाहिजे. आणि ही अट पाळून एकूण पसारा कमीत कमी ठेवायचा. हे सरळसरळ लिनियर प्रोग्रॅमिंगचं गणित आहे, एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये सुटतं.

हाताने करून बघू. आकडे माझे, कल्पित. पाच महिन्यांत निर्देशांक एका ठरावीक पातळीच्या वर अनुक्रमे ३००, ५००, ४००, ८००, ९०० अंकांवर बंद झाला असं समजा. पसारा फक्त स्थिरपदाला, म्हणजे रेषेच्या मूळ उंचीला, देऊ. उत्तर येतं: मध्यरेषा दरमहा १५० ने चढते, आणि पसारा दोन्हीकडे १२५. सहाव्या महिन्याचा अंदाज मध्यात ९७५, खाली ८५०, वर ११००.

आता फक्त तिसरा महिना बदला, ४०० च्या जागी १०० टाका. साध्या रिग्रेशनची रेषा जेमतेम ६० अंक खाली सरकते, उतार १५० च राहतो. फजी पट्ट्याचं मात्र काय होतं बघा: पसारा १२५ चा २७५ होतो आणि सहाव्या महिन्याचा अंदाज ५५० ते ११००. वरचं टोक जिथल्या तिथे, खालचं टोक तीनशे अंक घसरलेलं. पाचांतला एक महिना बिघडला, पट्टा दुपटीहून रुंद. याचं कारण पट्टा सगळ्यांत दूरच्या दोन-तीन बिंदूंवर टेकलेला असतो, बाकीच्या महिन्यांचं तो ऐकतच नाही. पहिला आणि पाचवा महिना थोडासा हलवून बघा, उत्तर बदलणार नाही.

सॉल्व्हरमध्ये h नावाची एक पातळीही द्यावी लागते: प्रत्येक आकड्याचं पट्ट्यातलं सदस्यत्व निदान किती हवं, ते ती सांगते. वर मी ती शून्य धरलीय. ०.५ घेतली तर पसारा बरोबर दुप्पट होतो, कारण तो १/(१−h) च्या पटीत वाढतो. ही पातळी आकड्यांतून येत नाही, ती तुम्ही ठरवता. म्हणून कोणी नुसता पट्टा दाखवला तर आधी h विचारायची.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. फेब्रुवारी २०२० पर्यंतच्या महिनाअखेरच्या आकड्यांवर मी असाच पट्टा काढला होता. सुबक दिसत होता, मागचा प्रत्येक महिना आत. (तो आत असणारच, अटच तशी होती. हे स्वतःला बजावायला मी तेव्हा विसरले.) फेब्रुवारीअखेर निफ्टी ११,२०१ वर होता, मार्चअखेर ८,५९७ वर. २३ मार्चला एका दिवसात जवळजवळ तेरा टक्के पडला. माझं खालचं टोक कुठल्या कुठे वरच राहिलं. मग मार्चचा आकडा आत घेऊन गणित पुन्हा सोडवलं, तर पट्टा एवढा फुगला की त्यातून काही बोध होईना. तुम्ही दापोलीचे, तुम्हाला ३ जून २०२० चं निसर्ग वादळ वेगळं सांगायला नको. आदल्या वीस वर्षांच्या झाडांच्या नोंदी घेऊन कोणी बागेचा पट्टा काढला असता, तरी ते वादळ त्यात मावलं नसतं. आणि त्या एका वर्षाला आत घेऊन दर वर्षीचा अंदाज बांधला, तर बाग कराराने घ्यायला कोणी पुढे येणार नाही.

यावर उपाय आहेत. त्सेंग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये फजी अरिमा मांडलं (अरिमा म्हणजे मालिकेतल्या मागच्या आकड्यांवरून पुढचा सांगायची पद्धत), तैवानी डॉलरच्या विनिमय दरावर. त्यात पट्टा फारच रुंद झाला तर टोकाचे बिंदू वगळून गणित पुन्हा सोडवायची पायरी ठेवलीय. ती वापरा, पण कोणता महिना वगळला आणि का, हे शेजारी लिहून ठेवा. दुसरी वाट फिल डायमंड यांची, १९८८ ची. तीत सगळे बिंदू आत कोंबायची सक्ती नाही, फजी संख्यांमधल्या अंतरांचे वर्ग कमीत कमी केले जातात. शेअर बाजाराला मला ही जास्त बरी वाटते, कारण इथे आकडाच फजी घेता येतो: महिन्याचा बंद भाव म्हणजे त्रिकोणाचं शिखर, नीचांक डावं टोक, उच्चांक उजवं. आप्पांच्या पेट्यांसारखा, दोन्ही बाजू वेगळ्या. नुसत्या बंद भावात महिनाभराची जी ओढाताण हरवते, ती अशाने शिल्लक राहते.

तुमच्या मांडणीत मला आणखी एक अडचण दिसते. तुम्ही निफ्टीची पातळी घेऊन मागच्या महिन्याच्या पातळीवर रिग्रेशन केलंय. तसं केलं की जुळणी फार छान दिसते, पण ती फसवी असते. आजचा आकडा कालच्याच्या जवळपास असतो, एवढंच ती सांगते. शिवाय पातळीच्या सहगुणकाला पसारा दिला तर तो पातळीच्या पटीत वाढतो. निर्देशांक चढला म्हणजे आपोआप अनिश्चितताही वाढली, असं मॉडेल म्हणू लागतं. टक्केवारीतला बदल घ्या आणि पसारा स्थिरपदाला द्या. सोबत डॉलरचा दर, कच्चं तेल, परकीय संस्थांची खरेदी-विक्री यांतलं एखाद-दुसरं घ्या, सगळं नको. छत्तीस महिन्यांत चारपाच सहगुणक पेलत नाहीत.

आता ऑप्शन. बाजाराची स्वतःची रुंदी इंडिया व्हिक्समध्ये मिळते, ती निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांतूनच काढलेली असते. व्हिक्स १५ असेल, म्हणजे वर्षाला १५ टक्के, तर पंधराला बाराच्या वर्गमुळाने भागा, महिन्याला साधारण ४.३ टक्के येतात. तुमचा फजी पट्टा याहून अरुंद आला, तर तुम्हाला बाजाराहून जास्त कळलंय असं समजू नका. बहुधा तुमची तीन वर्षं शांत गेलेली असतात. ४ जून २०२४ ला, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी एका दिवसात जवळजवळ सहा टक्के पडला, आदल्या दिवशी तीन टक्क्यांहून जास्त चढला होता. पट्ट्याबाहेरचा ऑप्शन विकलेल्याला बरेच महिने थोडे थोडे पैसे मिळतात आणि अशा एका दिवशी ते सगळे परत जातात, वर पदरचेही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. माझ्या वर्गातून बाहेर पडलेली मुलं त्यात आहेत, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय.

पद्धत शिकायची असेल तर जरूर शिका. पहिले चोवीस महिने घेऊन पंचविसाव्याचा पट्टा काढा, मग एक महिना पुढे सरका, असं शेवटपर्यंत. बारा पट्टे मिळतील. त्यांत प्रत्यक्ष आकडा कितीदा आत पडला आणि पट्ट्याची सरासरी रुंदी किती, हे दोन्ही शेजारी शेजारी लिहा. एकटा आकडा घेऊ नका, कारण रुंद पट्ट्यात काहीही मावतं. मग "पुढचा महिना मागच्याएवढाच, अधिक-उणे व्हिक्सची महिन्याची रुंदी" या साध्या अंदाजाशी ताडून बघा. अडलात तर मांडणी उत्तराखाली टाका, h किती घेतलीय तेही लिहा, मी बघून सांगेन.