माफीची घाई करू नकोस

प्रिय मित्रा,

तू बोटीच्या मालकाकडे माफी मागायला गेलास आणि त्याने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, हे तुझ्या फार मनाला लागलेलं दिसतं. पण त्याला दोष देऊ नकोस. तुझी दारू सुटून अजून महिना व्हायचाय. अशा माफ्या त्याने दर शिमग्यानंतर ऐकल्यात.

आपल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत भरपाई, म्हणजे दुखावलेल्यांची माफी मागून नुकसान भरून देणं, नवव्या पायरीवर येते. आधी दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करायचं, मग चौथीला स्वतःच्या गुणदोषांचा झाडा लिहून काढायचा, पाचवीला तो दुसऱ्या माणसाला सांगायचा. आपण कोणाकोणाला दुखावलं त्याची यादी आठवीला. तू पहिलीवरून थेट नववीवर उडी मारलीस. नववीला एक अटही आहे: ज्या भरपाईने समोरच्याला किंवा आणखी कोणाला इजा होईल, ती करायची नाही. तुझ्या वहिनीला जे सांगून मोकळं व्हावंसं वाटतंय असं लिहिलंस, त्याने तुझं मन हलकं होईल रे, पण तिचा संसार मोडेल. ते माझ्यापाशी बोल.

बायकोच्या कुड्या पतपेढीत गहाण आहेत. तिच्यासमोर रडू नकोस. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की येणाऱ्या वाट्यातले पैसे थेट तिच्या हातात दे, कुड्या सुटेपर्यंत. आणि तिला अल-अनॉनच्या मीटिंगबद्दल सांग. ती घरच्या माणसांसाठीच असते.

सध्या जपायचं ते या बंदीला. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या, हाताला काम नाही. जाळी शिवत बसलेली मंडळी दुपार कलली की उठून कुठे जातात, तुला माहीत आहे. ती मंडळी उठायच्या आधी मला फोन कर. घेतल्यावर नव्हे, घेण्याआधी. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी धंद्याच्या कामात हरलेला बिल विल्सन हॉटेलच्या बारकडे न वळता फोनकडे वळला, बोलायला दुसरा दारुडा शोधायला. तसा त्याला डॉ. बॉब स्मिथ भेटला, आणि आपली संघटना तिथून उभी राहिली. तेव्हा फोन करायला कसली लाज?

रवळनाथासमोर नारळ ठेवलास, चांगलं केलंस. पण आयुष्यभराची शपथ डोक्यावर घेऊन फिरू नकोस. आज प्यायची नाही, एवढंच सांभाळ.

आणि हे नीट वाच. परत कधी सुरू झालीच, तर रोजची दारू घरच्या घरी एकदम तोडू नकोस. हात थरथरले, फिट आली, नसलेलं दिसू लागलं, तर लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरला किती पीत होतास ते खरं सांग.

शनिवारी मीटिंगला ये. वही आण, चौथी पायरी कशी लिहायची ते दाखवतो. जेवून ये, रिकाम्या पोटी तलफ जास्त येते.

तुझा,
मीटिंगमधला थोरला भाऊ