लक्ष आणि निरोधक चेतापेशी: नव्या अभ्यासकासाठी

आपण लक्षप्रक्रियेचा अभ्यास नुकताच सुरू करत आहात, तेव्हा ग्राहींचे (रासायनिक संकेत टिपणाऱ्या प्रथिनांचे) उपप्रकार पाठ करण्याची घाई करू नका. आधी एवढे पक्के करा, की निरोध म्हणजे मेंदू बंद पाडणे नव्हे. मेंदूच्या बाह्यपटलातील (बाहेरच्या थरातील) साधारण एक पंचमांश चेतापेशी ‘गाबा’ हे रसायन सोडून शेजारच्या पेशींना आवरतात, आणि कोणता संकेत केव्हा पुढे जाईल हे बऱ्याच अंशी त्याच ठरवतात.

सुरुवातीला एकच परिपथ (चेतापेशींची जोडणी) निवडायचा, तर थॅलॅमसभोवती, म्हणजे ज्ञानेंद्रियांचे संकेत बाह्यपटलाकडे पाठवणाऱ्या भागाभोवती, पातळ कवचासारखे पसरलेले जालीय केंद्रक घ्यावे. त्यातील पेशीही निरोधक असून त्या थॅलॅमसला आवरतात. लक्षाचा ‘झोत’ येथून नियंत्रित होत असावा, असे शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये सुचवले होते. पुढे २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की प्रकाशाकडे लक्ष द्यायचे असताना या केंद्रकातील दृष्टीशी संबंधित पेशींची सक्रियता घटते, तर ध्वनीकडे लक्ष द्यायचे असताना ती वाढते. हा परिपथ बाण काढून स्वतः रेखाटा. नुसत्या वाचनाने तो डोक्यात बसत नाही.

नवख्यांच्या दोन चुका मात्र टाळा:

- लक्षाचे एकच केंद्र शोधत बसणे. मेंदूचा कपाळामागचा अग्रभाग, त्यामागचा पार्श्विका भाग आणि थॅलॅमस मिळून हे काम करतात.
- निरोधाची साखळी अर्ध्यावर सोडणे. व्हीआयपी पेशी (निरोधक पेशींचा एक प्रकार) सोमॅटोस्टॅटिन पेशींना (निरोधक पेशींच्याच दुसऱ्या प्रकाराला) आवरतात, त्यामुळे संकेत पुढे नेणाऱ्या मुख्य पेशींवरील दाब सुटतो आणि त्या अधिक सक्रिय होतात. निष्कर्ष नेमका उलटा निघतो तो येथेच.

गॅमा लहरींकडे (मेंदूतील जलद विद्युत लयींकडे) तूर्तास वळू नका.