लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला जोडला की 'नो सिग्नल' येतं, काय करावं? आणि पडद्यावर एक, लॅपटॉपवर दुसरं असं दाखवता येतं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. तासगाव तालुक्यातल्या तुमच्या गावात, सोसायटीच्या हॉलमध्ये, ऑक्टोबर छाटणीच्या आधी द्राक्षावरच्या डाऊनी या रोगावर तुम्ही बोलणार आहात. चित्राची केबल लावायला लॅपटॉपला फक्त एचडीएमआय आहे, हॉलमधल्या प्रोजेक्टरला फक्त निळं व्हीजीए. केबल विकत आणली तरी 'नो सिग्नल'. आणि तुमची टिपणं तुमच्यापुरती राहावीत, लोकांना फक्त फोटो दिसावेत अशी इच्छा आहे. दोन्ही होतं. मी सांगलीत विश्रामबागला कॉम्प्युटर दुरुस्ती करतो आणि प्रोजेक्टर भाड्याने देतो. छाटणीच्या आधीचे दोन महिने माझे अशाच चर्चासत्रांत जातात, त्यामुळे हे नेमकं कुठे अडतं ते रोज बघतो.

आधी केबल. एचडीएमआयमधून आकड्यांच्या रूपात चित्र जातं, व्हीजीएला मात्र कमी-जास्त होणारा विजेचा दाब लागतो. व्हीजीए १९८७ सालचं आहे, आयबीएमने आणलेलं. त्यामुळे नुसती तार जोडून भागत नाही, मध्ये रूपांतर करणारं सर्किट लागतं. दुकानात 'एचडीएमआय टू व्हीजीए' कनव्हर्टर मागा, आणि शब्दांचा क्रम बदलू देऊ नका. 'व्हीजीए टू एचडीएमआय' हा वेगळा डबा आहे, तो उलट्या दिशेने चालत नाही. माझ्याकडे 'नो सिग्नल' म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या पिशवीत हाच उलटा डबा निघतो. घेताना दोन गोष्टी बघा: बाजूला आवाजासाठी हेडफोनचं भोक असावं, कारण व्हीजीएमधून आवाज जात नाही, आणि वीज देण्यासाठी छोटं यूएसबी सॉकेट असावं. काही लॅपटॉपचं पोर्ट कनव्हर्टरला पुरेशी वीज देत नाही, मग चित्र येतं आणि जातं. अशा वेळी मोबाईलच्या चार्जरची वायर त्यात खोचली की काम होतं.

व्हीजीएची पिन नीट तपासा. तिच्यातून लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांनी जातात. एखादी पिन वाकली तर तेवढा एकच रंग गळतो. पडदा पिवळा दिसला तर निळा गेला, गुलाबी-जांभळा दिसला तर हिरवा गेला, आणि निळसर हिरवट दिसला तर लाल गेला असं समजा. मधल्या ओळीतली एक पिन पुष्कळदा मुळातच नसते, ती तुटली म्हणून नवी केबल आणू नका. दोन्ही बाजूंचे स्क्रू मात्र घट्ट करा. डाऊनीचे तेलकट पिवळे डाग दाखवायचे आणि अख्खा पडदाच पिवळा, असं झालं तर तुमचं व्याख्यान तिथेच संपलं.

आता क्रम. प्रोजेक्टर आधी चालू करा, दिवा पूर्ण उजळेपर्यंत थांबा. रिमोटवर किंवा वरच्या पॅनेलवर 'सोर्स' बटण असतं, ते दाबून 'कॉम्प्युटर' किंवा 'व्हीजीए' निवडा. मग केबल लावा आणि कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबा. इथेही 'नो सिग्नल' राहिलं तर प्रोजेक्टरपर्यंत काहीच पोचलेलं नाही, म्हणजे दोष केबल, कनव्हर्टर किंवा सोर्सचा. 'आऊट ऑफ रेंज' आलं तर गोष्ट वेगळी: चित्र पोचलंय पण आकार त्याला पेलत नाही. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन त्या पडद्याचं रिझोल्यूशन १०२४ गुणिले ७६८ करा.

विंडोज आणि पी दाबल्यावर चार पर्याय येतात. 'पीसी स्क्रीन ओन्ली' म्हणजे प्रोजेक्टर बंद, 'सेकंड स्क्रीन ओन्ली' म्हणजे लॅपटॉप काळा. हा शेवटचा चुकून दाबला गेला की माणूस घाबरतो. विंडोज दाबून धरून पी पुन्हा पुन्हा दाबलं की निवड एकेक घर पुढे सरकते, परत येता येतं. खरा प्रश्न मधल्या दोघांचा आहे, 'डुप्लिकेट', म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, आणि 'एक्स्टेंड', म्हणजे दोन्हीकडे वेगळं.

जवळजवळ सगळे वक्ते डुप्लिकेटवर बोलतात, कारण जोडल्या जोडल्या बहुधा तेच दिसतं. मी कुणालाही तसं करू देत नाही. चार वर्षांपूर्वी मिरज तालुक्यातल्या एका गावात एक अनुभवी कृषी सल्लागार बोलत होते. मध्येच दुसरी फाईल उघडायला त्यांनी स्लाइड शो बंद केला. मागे व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं होतं, आणि घरच्या आजारपणाचा रिपोर्ट भिंतभर झाला. दीडशे माणसं बघत होती. मी धावत जाऊन लेन्सपुढे हात धरला. ते पुढे बोलले, पण आवाज बसला होता. प्रोजेक्टर मी लावला होता, सेटिंग करून द्यायची जबाबदारी माझी होती. त्या दिवसापासून वक्त्याने सांगो न सांगो, मी एक्स्टेंड करूनच खुर्ची सोडतो.

एक्स्टेंड म्हणजे तुमच्या टेबलाला लागून दुसरं टेबल मांडल्यासारखं. माऊस उजवीकडे नेत राहिलात की बाण लॅपटॉपच्या कडेतून निघून पडद्यावर जातो. पडदा तुमच्या डाव्या हाताला असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ असे चौकोन दिसतात, ते ओढून जागा बदला, नाहीतर बोलताना माऊस शोधत बसाल. एखादी खिडकी पडद्यावर हरवली तर विंडोज, शिफ्ट आणि बाण एकदम दाबा, ती इकडे येते. पॉवरपॉइंटमध्ये 'स्लाइड शो' या टॅबवर 'यूज प्रेझेंटर व्ह्यू'ला टिक करा. मग लॅपटॉपवर तुमची टिपणं, पुढची स्लाइड आणि घड्याळ, तर लोकांसमोर फक्त फोटो. उलटं झालं, टिपणं भिंतीवर आणि फोटो तुमच्याकडे, तर वर 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये अदलाबदल करण्याचा पर्याय आहे. घरी प्रोजेक्टर नसतानाही ऑल्ट आणि एफ५ दाबून हा व्ह्यू उघडता येतो. रात्री जेवण झाल्यावर दोनदा सराव करा.

एक्स्टेंडचा आणखी फायदा चित्राच्या आकाराचा. जुने प्रोजेक्टर बरेचसे ४:३ मापाचे, लॅपटॉप १६:९ चा. डुप्लिकेटमध्ये दोघांना एकच माप वाटून घ्यावं लागतं, आणि एकीकडे चित्र ताणलं जातं किंवा पुसट होतं. एक्स्टेंडमध्ये ज्याला जे माप शोभतं ते मिळतं. तुमच्या स्लाइड १६:९ मध्ये असतील तर ४:३ पडद्याचा वर-खाली मिळून चौथा हिस्सा काळा जातो. पॉवरपॉइंटच्या 'डिझाइन' टॅबमध्ये 'स्लाइड साइझ' ४:३ करून घ्या, पान तेवढं मोठं दिसेल.

आणि हे तुमच्या विषयासाठी मुद्दाम. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर जिथे प्रकाश पडत नाही तेवढाच काळा. दुपारी खिडक्या उघड्या असल्या की पानावरचे फिकट पिवळे डाग धुऊन जातात, आणि मागच्या रांगेतला शेतकरी डाऊनी म्हणून नुसतं हिरवं पान बघतो. पडद्यासमोरची ट्यूब बंद करा, खिडक्यांना ताडपत्री लावा. पिक्चर मोड सगळ्यात उजळ ठेवला तर बऱ्याच यंत्रांत रंग हिरवट होतात, म्हणून एक पायरी खाली या आणि खरं रोगट पान हातात धरून पडद्याशी ताडून बघा. पानाची खालची बाजू, पांढरी बुरशी दिसते ती, वेगळ्या स्लाइडवर पूर्ण पडदाभर घ्या. एका स्लाइडवर सहा फोटो कोंबू नका.

वायरलेसच्या मागे लागू नका. विंडोज आणि के दाबून बिनतारी जोडता येतं, पण समोरचं यंत्र ते मानणारं हवं, आणि तुमचं जुनं आहे. नवा लॅपटॉप घ्याल तेव्हा एक लक्षात असू द्या, प्रत्येक टाईप-सी पोर्टमधून चित्र जात नाही. पेटीवर तसं लिहिलेलं बघून घ्या.

लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर टिकतो, प्रोजेक्टर नाही. जुना दिवा तापलेला असताना लगेच पेटत नाही, काही मिनिटं थंड व्हावा लागतो. सोसायटीच्या कॉम्प्युटरचा यूपीएस मिळतो का विचारा, पण प्रोजेक्टरचे वॉट आधी तपासा. कार्यक्रम संपल्यावर पंखा थांबेपर्यंत मेन स्विच बंद करू देऊ नका. हॉलवाले घाईत असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

हॉलची किल्ली आदल्या दिवशी संध्याकाळी मिळवा आणि हे सगळं तिथेच, त्याच केबलने करून बघा. लोक औषध फवारणी अर्धी टाकून येतात, त्यांची पहिली वीस मिनिटं केबलमध्ये जाऊ नयेत. तरीही अडलं तर प्रोजेक्टरच्या मागच्या सगळ्या भोकांचा आणि तुमच्या कनव्हर्टरवरच्या अक्षरांचा फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.