लग्नपत्रिकेचा सगळा मजकूर सुलेखनी फॉन्टमध्ये घ्यावा का?

बहिणीची अख्खी पत्रिका 'अमिता'सारख्या सुलेखनी फॉन्टमध्ये केली तर कशी दिसेल, असं तुम्ही विचारलंय. दिसेल छान, पण वाचणाऱ्याचे हाल होतील. वधूवरांची नावं आणि वरचं 'शुभविवाह', एवढ्यावर थांबा.

मी जळगावात डीटीपी करतो. सुरुवातीला मलाही मोह आवरायचा नाही. एका पत्रिकेत लग्नाचं ठिकाणसुद्धा वळणदार अक्षरात टाकलं, 'भडगाव'. भ आणि म मध्ये फरक तो केवढा? शिरोरेघेतली जराशी खाच. बारा पॉइंटचं बारीक अक्षर, त्यात स्क्रीन प्रिंटिंगची सोनेरी शाई. शाई पसरली, खाच बुजली आणि वऱ्हाड थेट मडगावला! नवरदेवाचे मामा पत्रिका काउंटरवर आपटून म्हणाले, "भाऊ, हाई काय लिखेल शे?" चारशे पत्रिका पदरमोड करून परत छापल्या. धरणगावचं 'घरणगाव' होतं ते असंच. रवींद्रचा 'खींद्र' झालेलाही पाहिलाय.

या अक्षरांची सगळी मजा बोरूच्या तिरक्या कटामुळे येणाऱ्या जाड-बारीक रेघेत असते. ती मोठ्या आकारातच खुलते. नावं 36 पॉइंटच्या खाली नेऊ नका. नाव लांब असेल तर दोन ओळी करा, कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये धरून आडवं ताणू नका. उभ्या रेघा फुगतात, आडव्या तशाच राहतात, अक्षर बेढब होतं. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेघ तुटते.

इंग्रजी आद्याक्षरं हवी असतील तर जर्मन अक्षरकार हर्मन झाप्फचा 1998चा 'झॅपफिनो' हा फॉन्ट देखणा आहे. त्याच्या शेपट्या लांब जातात, वरखाली मोकळी जागा सोडा. पूर्ण नाव कॅपिटलमध्ये मात्र टाकू नका, नुसता गुंता होतो.

मुहूर्त, पत्ता आणि आपल्याकडची ती भाऊबंदकीची पन्नास-साठ नावं सरळ 'मुक्ता' या साध्या फॉन्टमध्ये घ्या. (एक नाव राहिलं तर काय होतं ते मी सांगायला नको.) 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ जागा उरली तर वळणदार चालेल.

छापायला देण्याआधी खऱ्या मापाची एक प्रिंट काढून आजोबांच्या हातात द्या. गावाचं नाव त्यांनी न अडखळता वाचलं की मगच सोडा.